प्राथमिक शाळेत शोधक वृत्तीचे शिक्षण
(केंद्र शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



'संशोधन' हा शब्द उच्चारला की विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि जाडजूड प्रबंध आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. चौथीतील मुलाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु संशोधन म्हणजे तरी काय? नेमका प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर कोठे व कोणापाशी मिळेल याचा विचार करणे, जे पाहिले वा ऐकले ते जसेच्या तसे टिपणे, ते दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहणे, आणि जेवढे सिद्ध झाले तेवढेच सांगणे. या पाच पायऱ्यांपैकी एकही अशी नाही की जी नऊ-दहा वर्षांच्या बालकास चढता येऊ नये.

आरंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दर्यापूर तालुक्यातील एका गावी शिकवीत असे. एका चाचणीत 'विहिरीचे पाणी कसे असते?' असा प्रश्न मी घातला होता. 'गोड' हे उत्तर मला अपेक्षित होते. एका मुलाने 'खारे' असे लिहिले, आणि मी त्यावर फुली मारली. तो मुलगा पाटी घेऊन माझ्यापाशी आला व म्हणाला, "गुरुजी, आमच्या इहिरीचं पानी त खारंच हाये." मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसं लिही." त्याने 'खारे' पुसून 'गोड' लिहिले. मी त्याला गुणही दिला. परंतु त्या वर्षी त्या मुलाने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. स्वतःच्या जिभेने अनुभवलेले सत्य गुरुजींच्या एका शब्दाने खोटे ठरते, एवढाच धडा तो माझ्याकडून शिकला. मी स्वतः मात्र त्याच गावात दुरून आणलेले पाणी पीत होतो!

आपणांपैकी अनेकांच्या शाळा याच खारपाणपट्ट्यात आहेत. सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खोल गाळाच्या प्रदेशात भूजल क्षारयुक्त आहे. अकोल्याच्या उत्तरेस पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत असत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आढळते. म्हणजे त्या मुलाच्या पाटीवरील एका शब्दामागे भूगोल होता, विज्ञान होते आणि इतिहासही होता. मी ती तिन्ही दारे एका फुलीने बंद केली.

ज्या भूमीत आपण शिकवितो तिला शोधाची परंपरा नाही, असेही कोणी म्हणू नये. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर आपणा सर्वांस परिचित आहे. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या कशा? ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली, त्यांचे सांगणे टिपले आणि नागदेवाचार्यांकडून ते पडताळून घेतले. यातूनच 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला. जाणत्या माणसाकडे जावे, ऐकावे, लिहावे, पडताळावे, ही रीत आपल्या मातीत सातशे वर्षांहून जुनी आहे. ती आपल्या वर्गात आणावयाची एवढेच.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी बोलू. 'आपल्या गावातील पाणी' हा विषय घ्यावा. 'पाण्याची माहिती मिळवा' असे मोघम सांगू नये. त्याने मुले पुस्तकातील उतारा उतरवून आणतात. प्रश्न लहान व नेमका असावा. 'गावात वापरातील विहिरी किती? त्यांपैकी कोणत्या विहिरीचे पाणी लोक पितात, कोणत्या विहिरीचे पीत नाहीत, आणि का?' असा प्रश्न मुलांकडूनच वदवून घ्यावा. प्रथम 'तुम्हांला काय वाटते?' असे विचारून त्यांचा अंदाज फळ्यावर लिहावा. शेवटी तो चुकीचा ठरला तरी पुसू नये. अंदाज चुकणे हा अपराध नव्हे, हे मुलांना तेथेच कळते.

नंतर वहीत चार रकाने आखावेत. विहीर कोणती, कोणी सांगितले, काय सांगितले, आणि आम्ही स्वतः काय पाहिले. ऐकीव व पाहिलेले वेगळे ठेवण्याची ही सवय मुलाला जन्मभर उपयोगी पडेल. विहीर केव्हा खोदली असे विचारल्यास एक आजोबा म्हणतील, "बहात्तरच्या दुष्काळात"; दुसरे म्हणतील, "दुष्काळानंतर दोन वर्षांनी." अशा वेळी एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवू नये. दोन्ही लिहावे व विहिरीच्या कठड्यावर साल कोरलेले आहे काय, ते पाहावे.

पुढे एक साधा प्रयोग करावा. दोन विहिरींचे व साठविलेले पावसाचे पाणी एकेक वाटी घेऊन तीन सारख्या ताटल्यांत उन्हात ठेवावे. ताटली सारखी, माप सारखे, ऊन सारखे. बदल फक्त पाण्यात. असे का करावयाचे, याची चर्चा प्रयोगाइतकीच महत्त्वाची आहे. पाणी आटल्यावर खाऱ्या पाण्याच्या ताटलीत पांढरा थर अधिक दिसेल. गोड पाण्याच्या ताटलीतही थोडा थर राहील. तो अपेक्षेविरुद्ध दिसला तरी मुलांनी लिहिलाच पाहिजे.

येथे काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. मुलांनी अनोळखी पाणी चाखू नये. विहिरीतून पाणी मोठ्या माणसानेच काढावे. कोणाच्या घरी जाताना अनुमती घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे पथ्य निष्कर्षाचे. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांविषयी लोक चिंतेने बोलतात. एखादे मूल विचारील, "गुरुजी, माझे आजोबा याच पाण्यानं आजारी पडले का?" तेव्हा घाईने होय वा नाही म्हणू नये. "आपण पाण्यात क्षार आहेत एवढे पाहिले, आजाराचे कारण ठरविण्यास डॉक्टरांची तपासणी लागते," असे मायेने सांगावे. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' म्हणता येणे, हेही शोधाचेच शिक्षण होय.

आज मुलांच्या घरी भ्रमणध्वनी आहे व त्यावर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळते. त्यास शत्रू मानू नये. मात्र, 'हे कोणी लिहिले? त्याने ते कसे जाणले? आपल्या गावात ते तसेच दिसते काय?' हे तीन प्रश्न मुलांच्या ओठी असावेत. हेच तीन प्रश्न त्यांनी पाठ्यपुस्तकास, आणि प्रसंगी आपणांसही विचारावेत.

वेळ कोठून आणावयाचा, असे आपण म्हणाल. दोन शिक्षकी शाळेची ओढाताण मी भोगली आहे. परंतु हा नवा विषय नव्हे. रकाने मोजताना गणित होते, लिहिताना भाषा होते, आणि परिसर अभ्यास तर मूळचाच आहे. वर्षातून दोनच प्रश्न घ्या, आठवड्यास एक तास द्या. मोठी मुले लिहितील, लहान मुले मोजतील. शेवटी ग्रामसभेच्या दिवशी मुलांनी तयार केलेला विहिरींचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आपल्या कामाचा गावास उपयोग होतो हे ज्या मुलाने पाहिले, त्यास अभ्यासाची गोडी वेगळी लावावी लागत नाही.

तो मुलगा आता चांगला मोठा झाला असेल. त्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. म्हणून आपणांपुढे एवढीच विनंती करतो की, उद्या आपल्या वर्गात एखाद्या मुलाने पुस्तकाहून वेगळे उत्तर लिहिले, तर फुली मारण्यापूर्वी त्यास विचारा, "बाळा, तुला हे कसं समजलं?" आणि त्याने दाखविले, तर त्याच्यासोबत विहिरीपर्यंत जा.