हिब्रू नावांचे अर्थ आणि कोकणातील त्यांची रूपे

हिब्रू बायबलातील पुष्कळशी व्यक्तिनामे म्हणजे एकेक छोटे वाक्यच असते. त्यांत ‘एल’ किंवा ‘याह’ हे देववाचक अंश वारंवार येतात. दानीएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’, यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’. एलियाहू या नावात तर दोन्ही अंश आहेत : ‘याह हाच माझा देव’.

दुसरा वर्ग जन्मप्रसंगावरून पडलेल्या नावांचा. वृद्धपणी पुत्र होणार हे ऐकून अब्राहाम आणि सारा हसले, म्हणून मुलगा इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. राहेलीने मरताना मुलाला बेनोनी, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ म्हटले; पित्याने ते बदलून बन्यामीन, ‘उजव्या हाताचा पुत्र’ केले. काही नावे निसर्गातून आली : राहेल मेंढी, दबोरा मधमाशी, योना पारवा, तामार खजुरीचे झाड.

ग्रंथातली व्युत्पत्ती मात्र नेहमीच भाषाशास्त्रीय नसते. मोशे हे नाव ‘पाण्यातून ओढून काढलेला’ असे उलगडले जाते. अभ्यासक ते थुटमोससारख्या इजिप्शियन नावांतील ‘जन्मलेला’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. नाव बदलले की माणसाचे स्थानही बदलते. अब्रामाचा अब्राहाम होतो, तो अनेक राष्ट्रांचा पिता म्हणून. रात्रभर झुंजलेल्या याकोबाला इस्राएल हे नाव मिळते.

याच नावाने स्वतःला ‘बेने इस्रायल’, इस्राएलाची संतती, म्हणवणारा ज्यू समाज कोकणात शतकानुशतके राहिला. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. ठाण्यात त्यांचे १८७९ सालचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. ‘शाअर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार, हे त्याचे नाव बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातील याकोबाच्या स्वप्नाशी निगडित आहे.

या समाजात जुन्या नावांना ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागला आणि उच्चार मराठी वळणाचे झाले. शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा ‘हस्केल’वरून हसाजी, मोशेचा ‘मुसा’वरून मुसाजी झाला. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर समाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. या नावाची मांडणी लक्षणीय आहे. हिब्रू रीतीत नावापुढे ‘बेन’, म्हणजे पुत्र, लावून पित्याचे नाव येते. मराठी रीतीतही स्वतःच्या नावामागून वडिलांचेच येते. त्यामुळे दोन्ही रीती सहज जुळल्या, आणि शेवटी गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव जोडले गेले : दिवेकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर सॅम्युएल, मोझेस, बेंजामिन ही इंग्रजी रूपे रूढ झाली, तर मराठी बायबलाने शमुवेल, मोशे, बन्यामीन ही रूपे मराठी वाचकापर्यंत आणली. प्रार्थनेत आणि विवाहपत्रात हिब्रू रूप चालत राहिले. अशा रीतीने एकाच नावाची तीन-चार रूपे एकाच भाषिक प्रदेशात नांदली. आडनावे मात्र गावांचीच राहिली.