जुना भ्रमणध्वनी आणि नव्या धनाची किल्ली

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावर बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. आयुष्याची पस्तीस वर्षे पेढीवर आणि पतपेढीत दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात गेली. व्याख्यान देणे हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु विषय निघाला तो आमच्या घरातील एका दुःखाशी निगडित असा निघाला, आणि माझ्या बोलण्याने आपल्या ज्ञातीतील एका जरी कुटुंबाचे तसे दुःख टळले तरी संकोच सोडणे सार्थ होईल, असे वाटून मी उभा राहिलो आहे.

ज्याला क्रिप्टोकरन्सी म्हणतात ते चलन आपण विकत घ्यावे की घेऊ नये, हा आजचा प्रश्न नव्हे. विचाराल तर मी घेऊ नका असेच म्हणेन, कारण त्याच्या भावाचा चढउतार संसारी माणसाला झेपणारा नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुणांनी ते आधीच घेतले आहे, ही वस्तुस्थिती आहे. घरात आलेले धन सांभाळावे कसे, एवढाच माझा आजचा विषय.

प्रथम त्या धनाचे स्वरूप पाहू. या चलनांतील आद्य म्हणजे बिटकॉइन. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने त्याची कल्पना ऑक्टोबर २००८ मध्ये एका निबंधाद्वारे मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते प्रत्यक्षात आले. त्याची एकूण संख्या कधीही २ कोटी १० लक्षांपेक्षा अधिक होणार नाही, असा त्याचा नियम आहे. त्याची नाणी नाहीत आणि नोटाही नाहीत. आहे ती केवळ एक खतावणी. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असून ती कोणासही वाचता येते. कोणत्या खात्यावर किती शिल्लक आहे हे त्या खतावणीत उघड दिसते. परंतु त्या शिल्लकेतून खर्च करण्याचा अधिकार मात्र ज्याच्यापाशी त्या खात्याची गुप्त किल्ली आहे त्यासच. ही किल्ली म्हणजे एक अतिप्रचंड संख्या. ती ज्याच्या हाती, धन त्याचे. इथे व्यवस्थापक नाही, अर्ज नाही, हमीपत्र नाही आणि चुकून गेलेली रक्कम परत आणणारे न्यायासनही नाही.

कोणी म्हणेल, मग ही किल्ली आपण तरी कशाला बाळगावी? जेथे खरेदी केली त्या बाजारपेठेकडेच राहू द्यावी. पुष्कळजण तसेच करतात. परंतु टोकियो येथील माउंट गॉक्स नावाची बाजारपेठ फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाली, आणि आपल्याकडे वझीरएक्स या बाजारपेठेतून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे चलन चोरीस गेले. दोन्ही ठिकाणी सामान्य ठेवीदारास दीर्घकाळ तिष्ठत बसावे लागले. बरे, रोजच्या वापरातल्या फोनवर किल्ली ठेवावी, तर त्या फोनवर दिवसभरात शेकडो निरोप येतात, नाना प्रकारची ॲप्स असतात आणि एखाद्या लग्नपत्रिकेच्या मिषाने आलेली घातक फाईल आत शिरण्यास क्षणही पुरतो. म्हणून विचारी लोकांनी मार्ग काढला तो असा, की किल्ली अशा यंत्रावर ठेवावी ज्याचा बाहेरच्या जगाशी संबंधच नाही. त्यासाठी खास बनविलेली छोटी यंत्रे विकत मिळतात. परंतु घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर त्याचाही या कामी उपयोग होतो.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. माझे धाकटे बंधू पुण्यास संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस होते. त्यांनी २०१७ साली थोडे बिटकॉइन घेतले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारापासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक पुढे ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. परंतु त्या मधल्या अनिश्चिततेच्या काळात बंधूंनी आपली सारी शिल्लक बाजारपेठेतून काढून स्वतःच्या एका जुन्या फोनवर आणून ठेवली. काम त्यांनी चोख केले होते. चूक एकच झाली. त्यांनी ते कोणास सांगितले नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. पुढे जून महिन्यात मुलीची शाळा ऑनलाइन सुरू झाली आणि तिला फोन हवा झाला. माझ्या भावजयीने कपाटातला तो जुना, सिमकार्ड नसलेला, बंद फोन दुकानात देऊन नव्या फोनाच्या किमतीत आठशे रुपयांची सूट घेतली. यात तिचा काय दोष? आई म्हणून तिने योग्य तेच केले. दिवाळीत बंधूंची दैनंदिनी चाळताना मला खात्याचा पत्ता आणि रकमेची नोंद सापडली. किल्लीचे शब्द मात्र कोठेच नव्हते. आम्ही त्या दुकानात गेलो. फोन केव्हाच पुढे गेला होता, आणि तो पुसला गेला होता हे उघडच आहे.

मंडळी, ती खतावणी जगास उघडी असल्यामुळे आम्हांस आजही ते धन दिसते. मुलीच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणास पुरून उरेल एवढे ते आहे. ते जागचे हललेले नाही आणि आता हलणारही नाही. भावजय एकदा मला म्हणाली, “दादा, ते पैसे गेल्याचं एवढं नाही. पण ह्यांनी मला एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी तो फोन देवघरात ठेवला असता.” त्या वाक्यावर मजपाशी उत्तर नव्हते. गावाकडच्या जुन्या घरांतून भिंतीत पुरलेल्या हंड्याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. आजोबांनी हंडा पुरला आणि सांगण्यापूर्वीच डोळे मिटले. शतक बदलले, परंतु ती गोष्ट आमच्या घरी जशीच्या तशी घडली.

तेव्हा आता कृती सांगतो. घरातील जाणत्या मुलांनी ती नीट ध्यानी घ्यावी.

फोन असा निवडावा की ज्याचा कॅमेरा व पडदा चांगला आहे आणि बॅटरी फुगलेली नाही. फॅक्टरी रीसेट करून त्यातील सर्व काही पुसून टाकावे. नंतर घरच्या वायफायवर त्याची प्रणाली शक्य तितकी अद्ययावत करावी आणि अधिकृत ॲप-भांडारातून केवळ एकच ॲप घ्यावे. या कामासाठी एअरगॅप व्हॉल्ट यासारखी ॲप्स आहेत. नाव अक्षरशः ताडून पाहावे, कारण सारख्या नावाची बनावट ॲप्स हा चोरांचा नेहमीचा सापळा आहे. एवढे झाले की ॲप-भांडारासाठी वापरलेले खाते काढून टाकावे, वायफायची नोंद पुसावी, सिमकार्ड काढावे, एअरप्लेन मोड लावावा आणि वायफाय व ब्लूटूथ बंद असल्याची खात्री करावी. पडद्यास सहजी न ओळखता येणारा लांब संकेतांक घालावा. यापुढे तो फोन पुन्हा जाळ्यावर न्यावयाचा नाही.

किल्ली निर्माण करावयाची ती यानंतर, आधी नव्हे. या क्रमातच सारे मर्म आहे. ॲप आपणांस बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवील. २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. बारा शब्दांनी होणाऱ्या वैध जुळण्यांची संख्या ३९ आकडी आहे, म्हणून ते अंदाजाने ओळखणे कोणासही शक्य नाही. हे बीजशब्द म्हणजेच किल्ली. फोन हा केवळ तिचा कोनाडा. फोन फुटला, हरवला, तरी शब्द हाती असतील तर दुसऱ्या यंत्रावर सारे पूर्ववत होते. शब्द हरवले व फोनही गेला, तर मात्र ब्रह्मदेवही काही करू शकत नाही.

म्हणून ते शब्द क्रमाने, स्वच्छ अक्षरात, हाताने लिहून घ्यावे. त्यांचे छायाचित्र काढू नये, निरोपातून पाठवू नये, संगणकावर टंकित करू नये. कागदास वाळवी आणि कोकणातला पावसाळा हे दोन शत्रू. ज्यांची रक्कम मोठी असेल त्यांनी शब्द पोलादी पत्र्यावर कोरून ठेवावे. परंतु भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे तो पत्रा नेऊ नये. ते काम स्वतःच्या हातांनी करावे. दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. अर्धे शब्द एकाकडे व अर्धे दुसऱ्याकडे, ही युक्ती वरवर शहाणपणाची दिसते, पण एक अर्धा भाग नष्ट झाला की सारेच नष्ट होते.

पैसे पाठविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. ॲपमधील नोंद पुसून, लिहिलेल्या शब्दांवरून ती पुन्हा उभी करावी आणि पूर्वीचाच पत्ता येतो की नाही ते पाहावे. मगच अल्प रक्कम पाठवावी, ती परत काढून पाहावी, आणि दोन्ही दिशा सुकर झाल्यावर उरलेली रक्कम आणावी.

कोणी विचारील, जो फोन जाळ्यावरच नाही त्यातून पैसे द्यावे कसे? रोजच्या फोनवर केवळ शिल्लक पाहणारे ॲप असते. त्यास किल्ली ठाऊक नसते. तेथे देण्याचा मजकूर तयार करावा. तो क्यूआर कोडच्या रूपाने पडद्यावर येतो. जुना फोन आपल्या कॅमेऱ्याने तो वाचतो आणि रक्कम व पत्ता आपणांस दाखवितो. तो पत्ता पैसे घेणाऱ्याने दिलेल्या पत्त्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहावा, कारण पत्ता गुपचूप बदलणाऱ्या लबाड्या प्रचलित आहेत. संमती देताच जुना फोन मजकुरावर सही करतो आणि दुसरा क्यूआर कोड दाखवितो. तो रोजच्या फोनने वाचून जगाकडे पाठवावा. पेढीचा मालक आतल्या खोलीत बसून सही करतो आणि गुमास्ता हुंडी बाजारात नेतो, तसाच हा प्रकार. किल्ली आतल्या खोलीतून बाहेर येतच नाही.

या उपायाच्या मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. फोन हे मुळात या कामासाठी बनविलेले यंत्र नव्हे. रक्कम मोठी असेल तर खास यंत्र थेट निर्मात्याकडून घ्यावे. बॅटरी कालांतराने निकामी होते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ती साध्या चार्जरवर भरावी. फोन संगणकास जोडू नये. तो भिंतीच्या तापत्या कपाटात ठेवू नये. आणि हे धन फोनमध्ये ठेवले म्हणजे सरकारपासून लपले, असे कोणी समजू नये. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून यावरील नफ्यास शेकडा ३० प्राप्तिकर व त्यावर उपकर लागतो, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. आपली ज्ञाती सचोटीच्या हिशेबाबद्दल ओळखली जाते. ती ओळख चार पैशांसाठी घालवू नये.

शेवटची गोष्ट मी विशेषतः तरुण गृहस्थांस सांगतो. जगापासून गुप्तता अवश्य पाळा. किती आहे याची फुशारकी चारचौघांत मारू नका. जो कोणी फोन करून शब्द विचारील, मग तो स्वतःस अधिकारी म्हणवो की मदतनीस, तो चोर होय. परंतु जगापासून गुप्त याचा अर्थ घरापासून गुप्त असा नव्हे. असे धन आहे, कोणत्या फोनवर आहे, शब्द कोठे ठेवले आहेत, आणि अडचण पडल्यास नात्यातील कोणत्या जाणत्या माणसास विचारावे, या चार गोष्टी पत्नीस सांगा. मृत्युपत्रात धनाचा उल्लेख करा, शब्द मात्र त्यात लिहू नका, कारण मृत्युपत्र अनेकांच्या हातांखालून जाते. शब्दांची प्रत बंद लखोट्यात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि त्या लॉकरवर पत्नीचेही नाव असावे.

आणि भगिनींनो, आपणांस विनंती, की घरातील कोणताही जुना फोन दुकानात देण्यापूर्वी एकदा विचारा, ‘यात काही आहे का?’

लक्ष्मीपूजनास आपण वह्यांची पूजा करतो. त्याच दिवशी तो फोन बाहेर काढावा, तो चालतो की नाही पाहावे, कागदावरील अक्षरे वाचता येतात की नाही पाहावे, आणि हे सारे पत्नीसमवेत करावे. वर्षातून एकदा अर्धा तास. आमच्या घरी हा अर्धा तास कोणी काढला असता, तर माझ्या पुतणीच्या शिक्षणासाठी याच मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे मला अर्ज करावा लागला नसता. मंडळाने तो अर्ज एका बैठकीत मंजूर केला, त्याचे ऋण मी या व्यासपीठावरून जाहीरपणे मान्य करतो. ती मुलगी यंदा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात असून आज या सभागृहातच बसली आहे. हे भाषण करण्याची अनुज्ञा मी तिच्याकडून व तिच्या आईकडून आधी घेतली आहे.