योकची पेटी

१९८३ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने ‘स्टार वॉर्स’ नावाचा, नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. पडद्यावर रंगीत रेषांनी काढलेलं अवकाश आणि खेळणाऱ्याच्या दोन्ही हातांत विमानासारखा योक, म्हणजे दोन मुठींचं सुकाणू. या योकचं मूळ मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. अटारीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ पाहून अमेरिकी सैन्याशी संबंधित मंडळींनी ब्रॅडली या चिलखती गाडीच्या तोफचींना शिकवण्यासाठी त्याची खास आवृत्ती मागितली होती. तिच्यासाठी घडवलेली मूठ पुढे थोडी बदलून स्टार वॉर्सला बसवली गेली. म्हणून ती इतकी दणकट आहे. आज चाळीस वर्षांनंतरही जगभरातले हौशी लोक जुन्या मशीनमधून असे योक काढतात आणि घरच्या संगणकाला जोडतात.

माझ्या भाच्याने असा एक योक परदेशातून सामानात घालून नागपुरात रामदासपेठेतल्या आमच्या घरी आणला. टेबलावर तो उभाच राहीना. मूळ मशीनमध्ये त्याला माणसाच्या उंचीच्या जड कपाटाचा आधार असतो. मुठी बाहेर दिसतात. गिअर, स्प्रिंगा आणि वायरी पॅनेलच्या आत राहतात. ते कपाट गेलं की योकला बूड राहत नाही. त्याला पेटी करून द्यावी लागते, आणि ही पेटी म्हणजे यंत्राचाच एक भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. पेटी हलली की हाताने दिलेला इशारा अर्धा पेटीतच मुरतो. मग खेळणारा जास्त जोर लावतो, पेटी आणखी हलते, आणि दोष मात्र योकला दिला जातो.

योक समोर ठेवला तेव्हा आमच्या ओळखीच्या सुतारांनी दोन्ही मुठी धरून एकदा पिळल्या आणि म्हणाले, “काकाजी, याचं बूड जड पाहिजे. नाहीतर हे हातासंग उठून येते.” सगळ्या कामाचं मर्म त्यांनी तिथेच सांगितलं. मुठी टेबलापासून जितक्या उंच, तितकी पेटी उलटवणारी ताकद वाढते. म्हणून पेटी बुटकी ठेवायची, तळ मुठींच्या रुंदीपेक्षा रुंद घ्यायचा आणि तळाशी आतून कडप्प्याचा तुकडा बोल्टने कसायचा. फरशीच्या दुकानात असे उरलेले तुकडे मिळतात. खाली रबराचे पाय लावायचे. एवढ्यावर भागलं नाही तर सी-क्लॅम्पने पेटी टेबलालाच धरायची.

लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याची पेटी करून पाहावी. नेहमीच्या खुर्चीत बसावं, कोपर काटकोनात ठेवावं आणि मनगट वर-खाली न मोडता मुठी जिथे हाताशी येतील तिथे खूण करावी. समोरच्या फळीचा उतार त्यावरून ठरतो. घरातलं लहान मूलही खेळणार असेल तर त्यालाही बसवून पाहावं.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर बोलतो. आपण नागपूरकर. लकडगंजचा लाकूडबाजार जवळ, बल्लारशाचा सागवान प्रसिद्ध. साहजिकच सागाची फळी घ्यावीशी वाटते. पण मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि घरात कुलरचं ओलसर वारं, अशा हवेत अखंड फळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतो. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते माप धरून राहतं. म्हणून सांगाड्याला १८ मिलिमीटरचं प्लाय घ्यावं. ओल सोसायची असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं. साग हवाच असेल तर कडेच्या पट्ट्यांना वापरावा. रामदासपेठेतले जुने बंगले पाडले जातात तेव्हा चौकटींचा मुरलेला साग निघतो. तो जाळण्यात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

योक जिथे बसतो त्या फळीच्या मागे तीन मिलिमीटरचा लोखंडी (एमएस) पत्रा द्यावा. लाकडी स्क्रू वापरू नयेत, दोन-तीनदा उघडले की ते सैल होतात. टी-नट आणि मशीन स्क्रू वापरावेत. मागचं झाकण काढता येईल असं ठेवावं, कारण आत हात घालायची वेळ येतेच.

घरात असलं काम करायला जागा कुठे आहे, असं विचारणाऱ्यांना मी कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण देतो. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. आपल्या पेटीला गॅलरी पुरते.

योकच्या आत दोन पोटेन्शिओमीटर असतात, पाच किलोओमचे. एक डावं-उजवं सांगतो, दुसरा वर-खाली. कडेच्या दोन पायांना पाच व्होल्ट आणि ग्राउंड द्यायचं. मधल्या पायावरचा व्होल्टेज हाताप्रमाणे बदलतो. सीताबर्डीच्या बाजारात मिळणारा अर्डुइनो लिओनार्डोसारखा बोर्ड तो मोजतो आणि शून्य ते १०२३ असा आकडा करून यूएसबीने संगणकाला देतो. मूठ पूर्ण फिरवली तरी पोटेन्शिओमीटरचा थोडाच भाग वापरला जातो, म्हणून दोन्ही टोकं आणि मध्य नोंदवून घ्यावे लागतात. ही नोंद पेटी पूर्ण कसल्यावरच करायची.

खऱ्या विमानाच्या योकशी एक महत्त्वाचा फरक आहे. सेसनासारख्या विमानात योक छातीकडे ओढला की नाक वर जातं. त्यासाठी आख आत-बाहेर सरकावा लागतो, आणि घरी तसा योक बनवणारे लोक ड्रॉवरचे चॅनेल वापरून लांब पेटी करतात. अटारीच्या योकमध्ये मुठी पुढे-मागे कलतात, आख सरकत नाही. पेटी आखूड चालते. मात्र मुठी कलताना बोटं फळीला घासणार नाहीत एवढी मोकळी जागा सोडावी लागते.

आमच्याकडची मुलं आता संगणकावर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवरून विमान उडवतात. त्यांना मी मुद्दाम रात्रीच्या टपालाची हकिकत सांगतो. १९४९ पासून पुढे वीसहून अधिक वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सुरुवातीच्या काळात डाकोटा विमानं होती ती. अंधारात तास न् तास विमानाचा योक सांभाळणाऱ्या वैमानिकांची कल्पना मुलांना नकाशापेक्षा हातातूनच जास्त येते. मुंबईहून नागपूर गाठायचं ठरवून ती बसतात आणि अकोल्यापर्यंत येईतो हात दुखल्याची तक्रार करतात.

तुमच्यापैकी कुणी हे काम हाती घेतलं तर देखभालीचं एवढं ध्यानात ठेवा. उन्हाळा सरला की मागचं झाकण उघडा, ब्रशने धूळ काढा, गिअरना पांढऱ्या ग्रीसचा हलका हात द्या. पडद्यावरची खूण थरथरत असेल तर मल्टिमीटर लावून मूठ हळूहळू फिरवा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा, आणि तरीही उडतच असेल तर पोटेन्शिओमीटर बदला.