चार मैलांच्या वेगाने



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधल्या करिअरवर बोलायला सांगितलं होतं. ते तुमची मुलं रोज ऐकवतच असतील. म्हणून मी होडीबद्दल बोलते.

गेल्या मे महिन्यात आपल्या वर्गातल्या आम्ही तिघी इंग्लंडमधल्या लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर आठवडाभर नॅरोबोटीत राहिलो. एक मैत्रीण तिकडेच असते. सोबत तिचे यजमान आणि त्यांची दोन कुत्री. नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंद, रेल्वेच्या डब्यासारखी लांबोडकी होडी. आत शेगडी, पलंग, सगळं. वेग ताशी चार मैल, त्याहून जास्त परवानगी नाही. कुत्री कंटाळून काठावर उतरायची आणि पुढे जाऊन आमची वाट बघत बसायची. काठाची ती पायवाट मुळात होडी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली.

चढ आला की लॉक लागतं. लॉक म्हणजे दोन दारांमधला दगडी हौद. होडी आत घ्यायची, मागची दारं लावायची, हाताच्या दांड्याने झडप उघडायची. वरचं पाणी आत येतं आणि होडी अलगद वर येते. पंप नाही, वीज नाही. दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत दार हलत नाही, चार माणसं लावा की चाळीस. बिंग्लीला 1774 सालची अशी पाच लॉक एकाला एक चिकटून आहेत. होडी तिथे जवळपास साठ फूट चढते. खालचा हौद रिकामा आणि वरचे चार भरलेले, असं असल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. म्हणून तिथे राखणदार असतो. आमच्या प्रोग्रॅमिंगमध्येही ‘लॉक’ असतं, एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. पण तिथे पाय भिजत नाहीत.

लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस याच कालव्याने लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाई. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. सर आर्थर कॉटन यांची योजना होतीच: गोदावरी, प्राणहिता आणि आपली वर्धा बोटींना मोकळी करायची. खडकांनी प्रवाह अडतो तिथे बंधारे, कालवे आणि लॉक. भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला कामही झालं. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये सरकारने योजना सोडली. मला त्याची हळहळ वाटत नाही. तो मार्ग कापूस बाहेर नेण्यासाठी होता, शिवारात पाणी आणण्यासाठी नव्हे.

आमच्यातली तिसरी आजही वर्धेकाठी कपाशी पेरते. बिंग्लीला सगळे फोटो काढत होते, तेव्हा ही हौदात वाकून म्हणाली, “या एका हौदात माझं किती शेत भिजेल गं?” रात्री होडीत मी हिशेब केला. साधारण बासष्ट फूट लांब, चौदा फूट रुंद, बारा फूट पाणी. म्हणजे तीन लाख लिटर. पाच सेंटीमीटरचं एक पाणी धरलं तर दीड एकर. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बोंडं धरताना एवढं एक पाणी मिळालं, तरी ते वर्ष निघतं.” आणि कुत्र्यांना पोळी घालायला उठली.

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. कालव्याचं पाणी तिच्या बांधापर्यंत कधी येतं, कधी येत नाही, ते चहाच्या वेळी तिलाच विचारा.