न दुखणारी कावीळ



दुखणे अंगावर काढणे हा आपल्या घरांतून सद्गुण मानला जातो. स्वादुपिंडाच्या कर्करोगापुढे मात्र हा सोशिकपणा घातक ठरतो. कारण हा रोग दुखू लागतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच व्याधीने वयाच्या ६३ व्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत, नाकात नळी असतानाही त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला होता. त्या कर्तव्यनिष्ठेची चर्चा देशभर झाली. ज्या रोगाशी ते झुंजत होते, त्याच्या लक्षणांची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेली असते. तेथील गाठ हाताला लागत नाही. बहुतेक गाठी ग्रंथीच्या शीर्षभागात होतात आणि पित्तनलिका तेथूनच जाते. गाठीने ती दाबली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद व शौच पांढुरके होते, अंगाला खाज सुटते; पण पोट दुखेलच असे नाही. मग सुरू होते काविळीची माळ, झाडपाला आणि पथ्याचे जेवण! त्यात दोन-तीन महिने सहज जातात. वास्तविक साठीच्या माणसाची न दुखणारी कावीळ ही अन्य कारण सिद्ध होईपर्यंत गंभीरच मानली पाहिजे. शीर्षभागातील गाठ वेळेत सापडली, तर कावीळ हीच रुग्णाची उपकारकर्ती ठरते.

ग्रंथीच्या मध्यभागी वा शेपटीकडे गाठ असेल, तर अशी पूर्वसूचना मिळत नाही. पाठीत मुरलेली कळ, जी पुढे वाकून बसल्यास थोडी कमी होते. अन्नावरची वासना उडणे. कारणाविना वजन घटणे, एवढेच. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह उद्भवला आणि वजनही उतरू लागले, तर केवळ साखरेच्या गोळ्यांवर समाधान मानू नये. अशा मधुमेहींपैकी बहुसंख्यांना कर्करोग नसतो, हेही खरे. पण डॉक्टरांना तसे विचारण्यात कमीपणा कसला? साध्या सोनोग्राफीत आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड अनेकदा नीट दिसत नाही. म्हणून ती निर्दोष आली तरी लक्षणे कायम असल्यास सीटी स्कॅन आवश्यक ठरतो.

निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेयोग्य असणाऱ्या रुग्णांचे प्रमाण जेमतेम १५ ते २० टक्के आहे, आणि बरे होण्याची खरी आशा प्रामुख्याने याच रुग्णांना असते. सरसकट सर्वांची तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. परंतु ज्या घरात आई-वडील वा भावंडांपैकी दोघांना हा रोग झाला आहे, तेथील व्यक्तींनी लक्षणांची वाट न पाहता, साधारण पन्नाशीपासून एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीविषयी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तंबाखू व विडी-सिगारेट सोडण्यासाठी मात्र कोणत्याही तपासणीची गरज नाही.