मापाला धनी हवा



आपल्या थ्रीडी मॉडेलिंगच्या धंद्यातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे चहाची एक किटली. १९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी घरची किटली आलेखाच्या कागदावर उतरवली आणि तिचे बिंदू संगणकाला दिले. ती किटली आज कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात आहे आणि पडद्यावरच्या किटलीपेक्षा चांगलीच उंच आहे. मॉडेल पुढे चेपलं गेलं ते तसंच रूढ झालं. कुणाचंही बिघडलं नाही. त्यातून कुणाला चहा ओतायचा नव्हता!

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची गोष्ट वेगळी. मार्क लेव्हॉय यांच्या स्टॅनफर्डच्या चमूने १९९९मध्ये फ्लॉरेन्सला त्याचं लेसर स्कॅनिंग केलं. पुस्तकांत उंची होती ४.३४ मीटर; पुतळा भरला ५.१७ मीटर. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पुतळ्याच्या मापात ८३ सेंटिमीटरची चूक, आणि ती या पुस्तकातून त्या पुस्तकात बिनबोभाट चालत आलेली. त्या आकड्यावर विसंबून कुणी मचाण बांधलं असतं, तर ते डेव्हिडच्या डोक्यापर्यंत पोचलंच नसतं.

एककांचे घोळ तुम्हाला रोजचेच आहेत. एसटीएल फाइलमध्ये नुसते आकडे, एकक नाहीच. गेम इंजिनांपैकी युनिटी मीटरमध्ये मोजतं, अनरिअल सेंटिमीटरमध्ये. खुर्ची शंभरपट फुगली तर ती लगेच दिसते, म्हणून त्या चुकीची मला फारशी भीती नाही. भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. फ्लॅटच्या इंटिरिअरचं मॉडेल करताना आपण कोपरा नेमका ९० अंशांत काढतो. प्रत्यक्षातली भिंत ना ओळंब्यात असते ना गुण्यात, वर प्लास्टरची जाडी वेगळीच. मग सुतार दोन सूत तासतो आणि आपल्या रेंडरला मनातल्या मनात नमस्कार करतो.

किल्ल्यांच्या बाबतीत तासून भागत नाही. २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता त्यांची मॉडेल्स भराभर होतील. रायगड विषुववृत्तापासून सुमारे २० लाख मीटर उत्तरेला आहे. नकाशातले ते निर्देशक ३२ बिटांच्या फ्लोट आकड्यात तसेच कोंबले, तर लगतच्या दोन शक्य जागांत साडेबारा सेंटिमीटरचं अंतर पडतं. पायऱ्यांच्या कडा वेड्यावाकड्या होतात. उपाय सोपा आहे: मूळबिंदू गडावर आणा आणि तो किती सरकवला ते लिहून ठेवा. सरकवतात सगळे, लिहितात थोडे.

लिहिण्याचा हा आळस मला गणिताच्या चुकीहून मोठा दोष वाटतो. माप कुणी घेतलं, कशाने घेतलं, किती मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, हे फाइलसोबत गेलं नाही तर डेव्हिडच्या उंचीसारखा आकडा पोरका होऊन फिरत राहतो. रायगडावरच्या राजवाड्याचं लाकूडकाम गेलं, जोती उरली. जोत्याची लांबी टेपने मोजता येते. वरच्या मजल्याची उंची कुणीतरी ठरवलेली असते. मॉडेलमध्ये दोन्ही एकाच दगडी रंगात रंगवणं मला मान्य नाही. अंदाजाचा भाग वेगळ्या रंगात दाखवा, मग देखावा थोडा बिघडला तरी चालेल.

बाहेरच्या दालनात तुमची मॉडेल्स मांडली आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी प्रत्येकापाशी येऊन ‘हे माप कुणाचं?’ एवढंच विचारणार आहे.