कार्बन बदला, आर्मेचर वाचवा

साखर कारखान्याचं गाळप तोंडावर आलं, की माळेगाव बुद्रुकच्या सुतारांना उसंत नसते. टायरगाडीच्या फळ्या, जू, सगळंच काम घाईचं. नेमकं तेव्हाच लाकूड कापायचं कटर मशीन चालता चालता थांबतं. ‘मशीन जळालं’ म्हणून ते कोपऱ्यात टाकण्याआधी त्याचे कार्बन काढून बघा.

मोटरीत फिरतं ते आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर असतो. दोन बाजूंनी दोन कार्बन स्प्रिंगच्या दाबानं त्याला टेकलेले असतात, त्यांच्यातूनच आर्मेचरला वीज पोचते. पूर्वी इथं तांब्याच्या तारांचे ब्रश असत. ते कॉम्युटेटरच कुरतडायचे. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्ज या ब्रिटिश अभियंत्यानं कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. कार्बन मऊ. तो स्वतः झिजतो आणि तांबं राखतो.

मशीन दम खाऊ लागलं, मध्येच बंद पडून हलवल्यावर सुरू झालं, हवेच्या फटीतून ठिणग्या वाढल्या, की कार्बन संपत आले समजा.

आधी बोर्डातून पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मोटरीच्या दोन्ही अंगांना खाच असलेल्या टोप्या असतात. त्या अंगठा दाबून सावकाश उघडा, नाहीतर स्प्रिंग उडते. कार्बनवर खुणेची रेघ असेल तर ती पाहा. नसेल तर 5-6 मिलिमीटर उरला की बदलायचाच. एकच झिजलेला दिसला तरी जोडी बदला. जुना तुकडा बारामतीच्या दुकानात सोबत न्या आणि त्याच नंबरचा मागा. मोठा आणून कानशीनं घासून बसवू नका. तो कार्बनच्या घरात अडकतो आणि तांब्याला नीट टेकत नाही. घरातला भुसा ब्रशनं झाडा, नवा कार्बन आत मोकळा सरकतो ना ते बघा.

जोडणी झाली, की लाकूड न लावता चार-पाच मिनिटं मशीन फिरवा. कार्बनला कॉम्युटेटरची गोलाई येते आणि ठिणग्या कमी होतात. तरीही कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं दिसलं, तर मशीन थेट वाइंडिंगवाल्याकडे न्या.

बोथट पातं आणि लांबलचक बारीक वायर यांनी मोटरीवर ताण येतो, कार्बनही लवकर जातात. तेव्हा पातं धारदार ठेवा, वायर जाड वापरा आणि कार्बनची एक जोडी पेटीत कायम असू द्या.